मॅग्नेशियाचा दगड

काही वर्षांपूर्वी शालेय परिभाषेची एक यादी तपासण्यासाठी नेमलेल्या छोट्याशा समितीचे चिटणीसपण माझ्याकडे आले होते. काम तसे साधे होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून रूढ असलेले शब्द एकदा नजरेखालून घालावयाचे, जेथे एकाच कल्पनेला दोन-दोन शब्द चालू असतील तेथे एक पक्का करावयाचा, आणि यादी वर पाठवून द्यावयाची. 'मॅग्नेटिझम' या शब्दापुढे 'चुंबकत्व' असे छापलेले होते. त्या ओळीवर कोणी अडेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांनी उभा जन्म संस्कृत शिकविण्यात घालविला असे गृहस्थ, नेमके तेथेच अडले. त्यांचे म्हणणे असे की, या शब्दाच्या मुळाशी 'चुम्ब्' धातू आहे. मुलामुलींच्या वर्गात त्याचा उच्चार होताच मागच्या बाकांवर खसखस पिकते, हे त्यांनी स्वतः पाहिलेले आहे. तेव्हा 'अयस्कांत' हा आपला जुना, भारदस्त शब्द का घेऊ नये? त्यावर एक तरुण प्राध्यापिका नम्रपणे म्हणाल्या, "सर, अयस्कांताचा अर्थ तरी काय निराळा? लोखंडाचा प्रियकरच ना?" सभेत हशा झाला. तिसरे एक सदस्य म्हणाले, जगभर मॅग्नेट चालतो, तर आपणही मॅग्नेटच म्हणावे. शब्द म्हणजे शेवटी खूण. एवढ्यात चहा आला, प्रश्न पुढील बैठकीवर गेला आणि या शब्दांविषयी एक टिपण तयार करण्याची आज्ञा चिटणीसाला झाली.

ते टिपण लिहिताना जे हाती लागले, त्यातील काही आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम 'मॅग्नेट' घेऊ. हा शब्द इंग्रजीचा नव्हे, लॅटिनमधून आलेला ग्रीकांचा आहे, आणि त्याचा अर्थ शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ एवढाच : मॅग्नेशियाचा दगड. पैठणी म्हणजे पैठणची, कोल्हापुरी म्हणजे कोल्हापूरची, तसा हा मॅग्नेशियाचा. त्यात आकर्षण नाही, लोखंड नाही, शक्तीचा तर मागमूसही नाही.

आता हे मॅग्नेशिया कोठले? येथे अडचण अशी की, त्या नावाची ठिकाणे एक नव्हेत, तीन आहेत. एक ग्रीसमधील थेसलीच्या पूर्वकिनाऱ्याचा प्रदेश. तेथे मॅग्नेटीस नावाचे लोक राहत आणि होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयवर चालून गेलेल्या सैन्यांच्या यादीत त्यांचीही गलबते आहेत. उरलेली दोन आशियामायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात : एक सिपिलस डोंगराच्या पायथ्याशी, दुसरे मिअँडर नदीच्या खोऱ्यात. सिपिलसचे मॅग्नेशिया आजही नांदते शहर आहे. तुर्की जिभेवर घासून घासून त्याचे 'मनिसा' झाले आहे. या तिघांपैकी कोणाच्या खाणीतील दगडाने जगाला हा शब्द दिला याविषयी विद्वानांत एकमत नाही. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या दगडाच्या ज्या पाच जाती सांगितल्या आहेत, त्यांत मॅसिडोनियालगतचे मॅग्नेशियाही आहे आणि आशियातलेही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच हा घोळ पुरता जमला होता.

घोळ दिसला की लोक गोष्ट रचतात. ती गोष्टही प्लिनीनेच, निकँडर नावाच्या ग्रीक कवीच्या हवाल्याने, नोंदवून ठेवली आहे. मॅग्नेस नावाचा एक गुराखी इडा पर्वतावर गुरे चारीत असता त्याच्या वहाणांचे खिळे आणि काठीचे लोखंडी टोक जमिनीला चिकटून बसले, आणि त्याच्यावरून दगडाला नाव पडले. गोष्ट गोड आहे आणि शाळकरी पुस्तकांतून अजूनही सांगितली जाते. पण ती नावावरून मागाहून जुळविलेली असावी असे मला वाटते. आपल्याकडे गावोगावच्या नावांच्या अशाच कथा ऐकावयास मिळतात. त्याच प्लिनीने शेजारीच भूगोल दिला आहे, आणि गुराख्यापेक्षा भूगोलावर विश्वास टाकणे बरे. त्याच्याआधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ल्युक्रीशियस या रोमन कवीनेही ग्रीक लोक या दगडाला त्याच्या जन्मभूमीवरून नाव देतात असे स्पष्ट म्हटले आहे.

पण गंमत अशी की, प्राचीन ग्रीसमध्ये हे नाव फारसे कोणी वापरीतच नव्हते. प्लेटोच्या 'आयॉन' नावाच्या छोट्या संवादात सॉक्रेटिस सांगतो की, या दगडाला युरिपिडीसने मॅग्नेशियाचा म्हटले आहे, बहुतेक लोक मात्र त्याला हेराक्लीसचा दगड म्हणतात. म्हणजे बाजारात चाललेले नाव दुसरेच होते. मॅग्नेशियाचे नाव एका नाटककाराचे. पुढे लोकांचे नाव मेले आणि नाटककाराचे जगले. त्याच संवादात सॉक्रेटिस एक सुंदर दृष्टांत देतो. हा दगड एका लोखंडी कडीला ओढतो, एवढेच नव्हे, तर त्या कडीत आपले सामर्थ्य भरतो. मग ती दुसरीला धरते, दुसरी तिसरीला, आणि अशी एक साखळी लोंबू लागते. काव्याचेही तसेच : देवता कवीला ओढते, कवी गायकाला आणि गायक श्रोत्यांना. या साखळीतील शेवटची कडी म्हणजे आपण श्रोते, असे सॉक्रेटिस त्या गायकाला बजावतो. 'त्यांच्या व्यक्तिमत्त्वात चुंबकीय आकर्षण होते' असे आज मृत्युलेखात लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल, परंतु त्या वाक्प्रयोगाला इतका जुना पूर्वज आहे.

मॅग्नेशियाच्या मातीने या एका शब्दावर भागविले नाही. तेथील आणखी निरनिराळ्या खनिजांना किमयागार मॅग्नेशिया म्हणू लागले, आणि कोणता दगड कोणता याचा गोंधळ शतकानुशतके चालला. त्या गोंधळातून १७७४ मध्ये वेगळा केलेला एक धातू मँगनीज झाला, आणि १८०८ मध्ये हंफ्री डेव्हीने वेगळा केलेला दुसरा मॅग्नेशियम. मिल्क ऑफ मॅग्नेशियाची निळी बाटली ज्या घरांतून असे, तेथे कोणाच्या मनातही आले नसेल की, या पोटाच्या औषधाचा आणि दारावरच्या लोहचुंबकाचा गाव एकच. नागपूर, भंडारा, बालाघाट या भागांतील श्रोत्यांना मँगनीजच्या खाणी परिचयाच्या आहेत. त्यांच्या जिल्ह्याच्या मातीलाही नाव मिळाले ते एजियन समुद्राकाठच्या त्या प्रदेशाचे, आणि तेही अपभ्रष्ट होऊन.

'मॅग्नेट' ग्रीकांकडून युरोपात गेला, तसाच तो पूर्वेकडेही आला. अरबांनी ग्रीक ग्रंथांची भाषांतरे केली तेव्हा त्यांनी हा शब्द 'मग्नातीस' असा घेतला, आणि फारसीमार्गे तो उर्दूत 'मकनातीस' होऊन बसला. माझे आजोबा परभणीचे. निजामाच्या राज्यात वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई, आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर १९१८ पासून विज्ञानही उर्दूतून शिकविण्याचा उपक्रम चालला होता. आजोबांजवळ नालाच्या आकाराचा एक लोहचुंबक होता. आजी त्याला नुसते 'चुंबक' म्हणे आणि शिवणाच्या डब्यातून सांडलेल्या सुया वेचावयास वापरी. आजोबा मात्र तो मागताना 'मकनातीस' म्हणत. लहानपणी मला वाटे की, हा आजोबांचा काही थट्टेचा शब्द असावा. टिपण लिहिताना उमगले की, परभणीच्या त्या माजघरात युरिपिडीसचाच शब्द नांदत होता, आणि तोही इंग्रजीची पायरी न चढता, बगदादमार्गे आलेला.

फारसीचा स्वतःचा शब्द याहून तडफदार आहे : 'आहनरुबा', लोखंड हिसकावून नेणारा. तिचा 'काहरुबा' म्हणजे अंबर, गवताची काडी हिसकावणारा. आणि त्यावरून अरबीत आज विजेला शब्द आहे. चिनी भाषेने या दगडाला ममतेचा दगड म्हटले. तिच्या एका प्राचीन भाष्यकाराने खुलासा केला आहे की, हा दगड लोखंडाची माता आहे आणि म्हणून तो लेकराला जवळ ओढतो. फ्रेंच शब्द 'एमाँ' दिसावयास अगदी 'प्रेम करणारा' असा दिसतो, आणि पुष्कळांनी तसा तो समजून घेतलाही आहे. वास्तविक तो ग्रीक 'अडमास' म्हणजे अभेद्य या शब्दापासून निघाला, आणि हिऱ्याचे 'डायमंड' हे नाव त्याचे सख्खे भावंड. ऐकणाऱ्याला येथे प्रेमच ऐकावयाचे होते, म्हणून त्याने ते ऐकले. व्यवहारी इंग्रजाने मात्र जुन्या बोलीत या दगडाला 'लोडस्टोन' म्हटले, म्हणजे वाटेचा दगड. त्याला प्रेमाशी कर्तव्य नव्हते, धुक्यात घरी परतण्याशी होते.

आपले कोकणी खलाशीही तसेच व्यवहारी. 'होकायंत्र' या शब्दात ना चुंबक आहे ना दिशा. अरबी खलाशी सूचीच्या डबीला 'हुक्का' म्हणजे डबी म्हणत. आपला 'होका' तोच असे मानावयास चांगली जागा आहे, आणि तसे असेल तर होकायंत्र आणि ओढावयाचा हुक्का हे एकाच आडनावाचे ठरतात. इटालियन खलाशांनीही आपल्या यंत्राला डबीच म्हटले आहे. ज्या वस्तूवर जीव अवलंबून, तिला माणूस काव्यमय नाव देत बसत नाही.

आता संस्कृताकडे वळू. येथे द्रव्य इतके विपुल आहे की, आमच्या वृद्ध सदस्यांचा अभिमान मला समजू शकतो. अयस् म्हणजे लोखंड आणि कांत म्हणजे प्रिय. कुमारसंभवात ब्रह्मदेव देवांना सल्ला देतो की, शंकराचे संयमाने निश्चल झालेले मन उमेच्या रूपाने ओढा, जसे अयस्कांताने लोखंड ओढावे. उपमा कालिदासाची, तिच्यात शृंगारही आहे आणि पदार्थविज्ञानही आहे, आणि शब्दाचा अर्थ दोन्हींना पुरा पडतो. सुश्रुताने शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय सांगितले, त्यांत अयस्कांत एक आहे; आणि तो केव्हा वापरावा याच्या अटीही सांगितल्या आहेत : शल्य सुटे असावे, त्याला अडकणारे आकडे नसावेत, जखमेचे तोंड पुरेसे मोठे असावे. कवीच्या हाती जी उपमा, ती वैद्याच्या हाती हत्यार झाली.

तत्त्वज्ञांच्या हाती तिचे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुई मण्याकडे सरकते त्याचे कारण 'अदृष्ट' असे दिले आहे. ही कबुली प्रामाणिक आहे. दिसणारे कारण सापडत नाही, म्हणून न दिसणारे. सांख्यांनी पुढे जाऊन आपले सारे विश्वच या दगडावर टांगले : पुरुष स्वतः काहीच करीत नाही, केवळ जवळ असल्याने प्रकृतीला हालवितो, अयस्कांत लोखंडाला हालवितो तसा. यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात घेतलेला आक्षेप मला फार मार्मिक वाटतो. ते म्हणतात, तुमचा पुरुष तर नित्य जवळच आहे, मग हालचालही नित्यच चालली पाहिजे. अयस्कांताचे तसे नाही. त्याचे सान्निध्य कधी असते कधी नसते, आणि त्याला पुसून स्वच्छही करावे लागते. वादाच्या भरात उच्चारलेले हे वाक्य वाचताना जाणवते की, आचार्यांनी किंवा त्यांना माहिती पुरविणाऱ्या कोणी हा दगड प्रत्यक्ष हातात धरला होता.

मग 'चुंबक' हा शब्द कोठून आला? याचे उत्तर रसशास्त्रात सापडते, आणि माझ्या टिपणातील हाच भाग समितीला सर्वांत नवा वाटला. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात कांतलोहाचे पाच प्रकार सांगितले आहेत : भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत. लोखंडाला फिरविणारा तो भ्रामक, त्याला चिकटणारा तो चुंबक, ओढून घेणारा तो कर्षक, वितळविणारा तो द्रावक. आणि फोडला असता ज्यावर केसांसारखे तंतू उभे राहतात तो रोमकांत. (लोखंडाचा कीस अंगावर उभा राहिलेला लोहचुंबक ज्याने पाहिला आहे, त्याला हे शेवटचे वर्णन कशावरून सुचले असावे याची कल्पना करता येईल.) तेव्हा चुंबक हे येथे साऱ्या जातीचे नाव नव्हे, एका पोटजातीचे आहे. जातीचे नाव कांत. ज्या शब्दाला आपण आज सर्वसामान्य समजतो, तो या यादीत पाचातला एक म्हणून बसलेला आहे.

आणि मराठीत तर या पाचांपैकी आधी मान मिळालेला दिसतो तो दुसऱ्याच भावाला. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्राचे वर्णन करताना 'चेतना' म्हणजे काय हे ज्ञानदेव समजावून देतात. राजा स्वतः रणात न उतरता त्याची आज्ञाच शत्रूला जिंकते, पूर्णचंद्रामुळे समुद्राला भरती येते, असे दृष्टांत देत ते या दगडाशी येतात आणि सांगतात की, त्याच्या केवळ सान्निध्याने लोखंड सचेतन होते. तेथे शब्द आहे 'भ्रामक'. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, मराठी श्रोत्यांपुढे हा शब्द कोणत्याही खुलाशावाचून ठेवता येत होता. आज भ्रामक म्हटले की आपल्याला खोटी समजूत आठवते. लोखंड आठवणार नाही. एक शब्द आपण असा हातचा घालविला.

ज्ञानदेवांचा तो 'सचेतन' शब्द वाचताना मला ग्रीसचा थेलीझ आठवला. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातला हा मायलेटसचा तत्त्वज्ञ. त्याचे गाव मिअँडरच्या मुखाशी, म्हणजे एका मॅग्नेशियापासून काही फार दूर नव्हे. या दगडाला आत्मा आहे, कारण तो लोखंडाला हालवितो, असे थेलीझचे मत असल्याचे ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. आणि आधुनिक चुंबकशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट? त्याने १६०० साली 'डी मॅग्नेट' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. लसणाने चुंबकाची शक्ती जाते असल्या जुन्या समजुती त्याने फेटाळल्या. चुंबकाचा गोल घडवून त्यावर सुई फिरविली आणि पृथ्वीच एक मोठा चुंबक आहे असा निष्कर्ष काढला. अंबराचे काडी ओढणे आणि चुंबकाचे लोखंड ओढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे दाखवून पहिल्या प्रकाराला अंबराच्या ग्रीक नावावरून वेगळे नाव दिले, ज्यातून पुढे 'इलेक्ट्रिसिटी' निघाली. इतका चिकित्सक माणूस. परंतु त्याच ग्रंथातील एका प्रकरणाचा मथळा असा आहे की, चुंबकाची शक्ती सजीव आहे, निदान ती आत्म्याचे अनुकरण करते. मायलेटस, नेवासे आणि लंडन, आणि तिन्ही ठिकाणी या दगडापुढे माणसाला तोच शब्द सुचावा!

गिल्बर्टनंतर लवकरच, सतराव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजीत 'मॅग्नेटिझम' हा शब्द दिसू लागतो. शेपटीला जोडलेल्या त्या प्रत्ययाचे महत्त्व मोठे आहे. दगड वस्तू होती, तिच्यापासून धर्म सुटा झाला. दगड बाजूला ठेवूनही त्याच्याविषयी बोलता येऊ लागले. त्याचा एक अनिष्ट परिणामही झाला. वस्तूवेगळी शक्ती कोणालाही आपल्या अंगी आहे असे सांगता येते. व्हिएन्नाहून १७७८ मध्ये पॅरिसला आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याने 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा धडाका लावला. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशीमंडळ नेमले, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. रोग्याला कळू न देता प्रयोग केले तेव्हा परिणाम दिसेना. असे काही द्रव्य नाही, जे आहे ते कल्पनेचे सामर्थ्य, असा त्यांनी निर्णय दिला. तरीही तो पंथ मेला नाही. हिंदुस्थानात १८४५ मध्ये हुगळीस जेम्स एस्डेल या शल्यवैद्याने रोग्यांना मेस्मरच्या पद्धतीने निद्रिस्त करून मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यासाठी रुग्णालयही निघाले. क्लोरोफॉर्म आल्यावर त्याची गरज संपली. मराठीने या विद्येला 'मोहिनीविद्या' म्हटले आणि चुंबकाला त्यात ओढले नाही, याबद्दल तिचे आभार मानले पाहिजेत.

शब्दांचा खरा कस पुढे लागला. १८२० मध्ये कोपनहेगनला उर्स्टेड याच्या ध्यानात आले की, विजेचा प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ सूची वळते. तार तांब्याचीही चालते. लोखंडाची गरज नाही. १८४५ मध्ये फॅरेडेने दाखविले की, काच, पाणी, लाकूड, झाडून सारे पदार्थ चुंबकाला या ना त्या रीतीने, फार मंदपणे का होईना, प्रतिसाद देतात, आणि त्यांतले पुष्कळसे ओढले न जाता दूर सरतात. आता अयस्कांताचे काय करावयाचे? अयस् नाही आणि कांतही नाही. दूर लोटणाऱ्याला प्रियकर कसे म्हणावे? लोहचुंबकातला लोह असाच अडचणीत येतो. ममतेचा दगड, लोखंड हिसकावणारा, वाटेचा दगड, या सर्व नावांनी दगडाविषयी काहीतरी विधान केले होते, आणि ते विधान अपुरे ठरले. ज्या नावाने काहीच सांगितले नव्हते, फक्त गाव सांगितला होता, तेवढे खोटे पडले नाही. आमच्या तिसऱ्या सदस्यांचा 'शब्द म्हणजे खूण' हा मुद्दा मला येथे पटू लागला होता, हे कबूल करतो.

पण एक गोष्ट त्यांच्याही विरुद्ध जाते. मॅग्नेट ही खूण ज्यांच्या तोंडी बसली त्यांच्यापुरती ती खूण आहे. आपल्या देशात लोकांच्या तोंडी दुसऱ्या खुणा आहेत आणि त्यांची वाटणी मोठी मजेदार झाली आहे. तंजावरच्या मराठी कुटुंबांतील श्रोते बाजारात 'कांदम्' ऐकतात. तमिळमध्ये चुंबकाला हाच शब्द आहे आणि तो आपल्या 'कांता'चाच. तेलुगू आणि कन्नड यांनी अयस्कांत सबंध जपून ठेवला आहे. इंदूर, बडोदे, कलकत्ता येथील श्रोत्यांच्या कानी हिंदी, गुजराती आणि बंगाली बोलीतून चुंबकच पडतो. म्हणजे दक्षिणेने घराण्याचे नाव ठेवले आणि उत्तरेने त्यातल्या एका मुलाचे. हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला तर चारमिनारच्या परिसरात अयस्कांतम्, मकनातीस आणि लोहचुंबक हे तिन्ही एकाच दुकानात ऐकू यावेत, आणि दुकानदाराने तीनही शब्दांना एकच वस्तू काढून द्यावी.

टिपणात मी एक शेवटचा परिच्छेद जोडला होता, तो कुलाब्याच्या वेधशाळेविषयी. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईस कुलाब्याला ही वेधशाळा बांधली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकामागून जे चुंबकीय वादळ पृथ्वीवर आले, त्याची कुलाब्याच्या नोंदवहीत उतरलेली आकडेवारी आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही जगातील शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. विजेचा प्रवाह जवळून वाहू लागला की सूची चळणार, हे उर्स्टेडपासून ठाऊक होते. म्हणून १९०४ मध्ये मोजणी अलिबागला नेली. तेथील इमारत लोखंड टाळून, दगड पारखून बांधली, आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन जुनी मालिका नवीला सांधून दिली. अलिबाग हे त्या काळी कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे, आणि समोर समुद्रात कुलाबा किल्ला. तेव्हा एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला एवढाच तो प्रवास झाला. हा परिच्छेद यादीच्या कामाशी थेट संबंधित नव्हता. पण ज्या गावात शतकाहून अधिक काळ रोज हे मोजमाप चालते, तेथील माणसे त्याला काय म्हणतात हे मला पाहावयाचे होते, आणि एका रविवारी मी तेथे जाऊन आलो. बाहेर नारळ विकणाऱ्या बाईंना वेधशाळा कोठे म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "चुंबकाची ना? ती काय, पुढेच."

दुसऱ्या बैठकीत टिपण वाचून दाखविले. वृद्ध सदस्यांनी ते शांतपणे ऐकले आणि भ्रामकाचा उल्लेख आला तेव्हा ज्ञानेश्वरीतील ती ओवी मला अडवून स्वतः म्हणून दाखविली. नंतरच्या दोन ओव्याही म्हटल्या. मग ते म्हणाले की, पाचांपैकी एक घ्यावयाचा तर चुंबक चालेल, फक्त मुलांना उरलेले चार कोणीतरी सांगावेत. यादीत तशी तरतूद नव्हती. मी 'चुंबकत्व' या शब्दापुढे समितीची मान्यता नोंदविली, शेऱ्याच्या रकान्यात 'अयस्कांत, कांत, भ्रामक : जुने पर्याय' एवढे लिहिले, आणि यादी वर पाठविली. छापून आली तेव्हा शेऱ्याचा रकाना गाळलेला होता.